दुकान आपले, पण किल्ली कोणाच्या हातात?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. या पत्राची जाहिरात छापावी म्हणून 'केसरी'कडे विनंती करण्यात आली. फुकट जागा कोणी मागत नव्हते, रीतसर पैसे देण्याची तयारी होती. तरीही 'केसरी'ने ती जाहिरात छापली नाही. चळवळीत हा प्रसंग आपण वारंवार सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्याचा अर्थ आपण पत्रकारितेपुरताच लावतो. त्यात व्यापाराचाही धडा आहे. माल चोख आहे, खिशात पैसा आहे, पण 'आम्ही येथे आहोत' हे सांगणारी पाटी दुसऱ्याच्या भिंतीवर लावायची असेल, तर भिंतीचा मालक केव्हाही नाही म्हणू शकतो.

बाबासाहेबांना हे व्यापारातही भोगावे लागले होते. परदेशातून अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईत गुंतवणूकदारांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. त्या काळी या विषयातला त्यांच्या तोडीचा विद्वान देशात शोधून सापडला नसता! पण गिऱ्हाइकाने सल्ल्याची गुणवत्ता पाहिली नाही, सल्ला देणाऱ्याची जात पाहिली.

याच काळातली दुसरी गोष्ट कोल्हापूरची आहे. गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलावर जाऊन चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर छत्रपतींनी त्या हॉटेलाला भर रस्त्यावर पाच तारे दिले!

या गोष्टी आज आठवण्याचे कारण असे की आता पाटी लावण्याची भिंत बदलली आहे. गिऱ्हाईक घरातून निघण्यापूर्वी मोबाइलवर दुकान शोधते. मंडपवाला असो, झेरॉक्सचे दुकान असो, शिवणकाम, वायरमन, खानावळ वा पुस्तकविक्री असो, जे मोबाइलवर दिसत नाही ते अनोळखी गिऱ्हाइकाच्या लेखी अस्तित्वातच नाही. ही नवी पाटी लावायला कोणाच्या संपादकाची परवानगी लागत नाही आणि पहिल्या पायरीला पैसाही लागत नाही. मग आपल्या समाजातले किती छोटे व्यावसायिक ही पाटी लावतात? आणि ज्यांनी लावली आहे, त्यांच्या पाटीची किल्ली नक्की कोणाच्या हातात आहे? आजचा खरा प्रश्न हा दुसरा आहे.

दुकानदारी हे चळवळीचे काम आहे काय?

असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन झाल्यापासून 'दलित भांडवलशाही'वर चळवळीत वाद झडत आहेत आणि ते झडायलाही हवेत. पण येथे आपण कारखानदारांविषयी बोलत नाही. १९९१ नंतरच्या खाउजा धोरणाने सरकारी नोकरीची वाट अरुंद करत नेली. कायम पदांच्या जागी कंत्राट आले आणि कंत्राटात आरक्षण राहिले नाही. पदवी घेतलेला मुलगा आज मोबाइल दुरुस्तीचा गाळा टाकतो, बचत गटातली बाई मसाले करते, कार्यकर्ता पुस्तकांचा स्टॉल लावतो. ही भांडवलदारी नाही, पोट भरण्याची आणि मान ताठ ठेवण्याची धडपड आहे. ती धडपड टिकावी म्हणून विचार करणे हे चळवळीचेच काम आहे.

पुस्तकांच्या स्टॉलचे उदाहरण

आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी-शिवाजी पार्क परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे ठेवून उरलेल्या पैशांची पुस्तके घेणारा वाचक जगात इतरत्र क्वचितच सापडेल. या वाचकाच्या बळावर अनेक छोटे प्रकाशक आणि विक्रेते उभे राहिले. पण पुढे काय होते? नांदेड, परभणी, वाशीम, जळगावचा वाचक पिशवी घेऊन गाडीत बसतो आणि विक्रेता त्याला वर्षभरासाठी गमावतो. पिशवीवर पत्ता नसतो, पुस्तकात चिठ्ठी नसते, वाचकाचा नंबर कोणी लिहून घेतलेला नसतो. दुसरा खंड हवा असेल तर त्याने पुढच्या ६ डिसेंबरची वाट पाहायची! मधल्या काळात तेच पुस्तक त्याला एखाद्या बड्या ऑनलाइन दुकानावर दिसले तर तो तेथून घेतो आणि नफ्यातला वाटा त्या कंपनीकडे जातो.

समजा, एका स्टॉलवर दोन दिवसांत ५०० जणांनी पुस्तके घेतली. त्यातल्या १०० जणांनी आपणहून नंबर दिला आणि त्यातल्या ३० जणांनी वर्षभरात दोन-दोन पुस्तके घरपोच मागवली, तर वर्षाला ६० पुस्तके जागेचे भाडे न भरता विकली गेली. पाच वर्षे हे नीट जपले तर स्टॉल केवळ दोन दिवसांचा राहत नाही. यासाठी लागते काय? एक वही, प्रत्येक पुस्तकात घालायची छोटी चिठ्ठी, त्या चिठ्ठीवर व्हॉट्सॲपचा नंबर आणि स्कॅन करायचा चौकोन, आणि त्या चौकोनामागे पुस्तकांची किमतींसह नीट यादी. एवढेच.

मात्र नंबर घेताना 'नवी पुस्तके आली तर कळवू का?' असे विचारून घ्यावे. विचारून घेतलेला नंबर म्हणजे गिऱ्हाईक. न विचारता घेतलेल्या नंबरावर रोज सकाळी सुप्रभातचे फुलांचे चित्र पाठवले, तर माणूस चार दिवसांत आपल्याला बंद करून टाकतो.

ज्याचे नाव नाही त्याचा माल कोणाचाही

नाव नसण्याची किंमत काय असते हे कोल्हापुरी चपलेने दाखवून दिले. ढोर समाजाने कातडे कमवायचे, चर्मकाराने चप्पल शिवायची आणि विक्रीच्या पाटीवर मात्र दुकानदाराचे नाव, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. तरीही जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल मांडली आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. ओरड झाल्यावर कंपनीने या चपलेचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर महामंडळ यांच्याशी तिचा सामंजस्य करारही झाला.

आता यातली मेख पाहा. मानांकनाने वस्तूला नाव मिळाले, पण शिवणाऱ्या हाताला मिळाले नाही. त्या गाजावाजात जगभरातून अनेकांनी 'कोल्हापुरी चप्पल' हे शब्द मोबाइलवर शोधले असतील. त्यांना काय दिसले? ज्यांनी आधीच आपली ऑनलाइन दुकाने मांडून ठेवली होती, ते व्यापारी दिसले. ज्या कारागिराच्या घरी कापशी आणि पुकरीचे जोड प्रत्यक्ष तयार होतात, त्याचे नाव, गाव, फोटो तेथे नसेल तर संधी दारावरून निघून जाते. पाटी गर्दी होण्यापूर्वी लावलेली असावी लागते!

मग करायचे काय?

फार मोठे काही नाही. पहिली पायरी, नकाशावर नाव. गुगलच्या नकाशात दुकानाची नोंद विनामूल्य होते. नाव, पत्ता, वेळ, फोन आणि फोटो द्यावे लागतात. पडताळणीसाठी बहुतेक वेळा दुकानाचे व पाटीचे मोबाइलवर चित्रण मागितले जाते. या नोंदीसाठी 'गुगलमधून बोलतोय, इतके हजार भरा' असा फोन आला तर तो ठग आहे असे खुशाल समजावे.

दुसरी पायरी, व्हॉट्सॲप बिझनेस. तेही विनामूल्य आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतीसह मांडता येते. किंमत लपवून 'इनबॉक्समध्ये विचारा' असे लिहिण्याची खोड सोडून द्यावी. आपल्या माणसाला भाव विचारण्याचा संकोच असतो. दुकानात वरपासून खालपर्यंत पाहून भाव सांगितला जाण्याचा अनुभव त्याने घेतलेला असतो. ज्याच्या पाटीवर भाव सर्वांना सारखा लिहिलेला आहे, त्याच्यावर तो विश्वास ठेवतो.

तिसरी पायरी, फोटो आणि मजकूर. फोटो आपल्याच मालाचा, दिवसाच्या उजेडात, दारात काढलेला असावा. दुसऱ्याचा चकचकीत फोटो लावून वेगळाच माल पाठवणारा एकदाच विकतो. मजकूर सरळ मराठीत लिहावा. चपलेचे कातडे कोणते, किती दिवसांत मिळेल, माप बसले नाही तर बदलून मिळेल काय, हे सांगावे. सोबत इंग्रजी अक्षरांतही वस्तूचे नाव द्यावे, कारण पुष्कळ गिऱ्हाइके तसेच शोधतात.

चौथी पायरी, उत्तर. पाटी लावून झोपी जाणे हा आपला सर्वांत मोठा दोष आहे. दुकानाची वेळ बदलली, नंबर बदलला, १४ एप्रिलला दुकान बंद आहे, हे त्या पाटीवर कळले पाहिजे. रोज अर्धा तास ठरवून विचारणांना उत्तर द्यावे. 'आज शिल्लक नाही, गुरुवारी येईल' हेही उत्तरच आहे.

भाड्याचे घर आणि मालकीचे घर

एवढे करून भागत नाही, कारण या साऱ्या जागा भाड्याच्या आहेत. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. खेड्यापाड्यातल्या, वाड्या-वस्त्यांतल्या कितीतरी कलावंत मुलामुलींनी तेथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. मुद्दा हा की त्यांच्या हाती त्या प्रेक्षकांचा एकही पत्ता नव्हता. पुढे मार्च २०२४ मध्ये गुगलने दुकानाच्या नोंदीसोबत दिलेली फुकटची छोटी संकेतस्थळे बंद केली. ज्यांनी तोच पत्ता कार्डावर आणि पाटीवर छापला होता, त्यांच्या हाती कोरे कार्ड राहिले. फेसबुक, इन्स्टाग्रामवरचे खाते कोणाच्या तक्रारीवरून कधी बंद होईल याचाही नेम नाही.

म्हणून ज्याला झेपेल त्याने आपल्या नावाचा इंटरनेट पत्ता घ्यावा. वर्षाला थोडक्या खर्चात तो मिळतो. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असाही पत्ता घेता येतो. एका पानाचे संकेतस्थळ पुरे. फेसबुकवर, नकाशावर, चिठ्ठीवर तोच एक पत्ता द्यावा, म्हणजे मधली एखादी जागा गेली तरी गिऱ्हाईक घराचा रस्ता चुकणार नाही. ज्याला तेवढेही झेपत नाही त्याने निदान गिऱ्हाइकांच्या नावांची वही जपावी. ती वही कोणती कंपनी बंद करू शकत नाही. जाहिरात नाकारली गेली म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी पत्रे काढली आणि पुढे भारतभूषण हा स्वतःचा छापखानाही उभा केला.

आणि आता किल्लीचा प्रश्न. आपल्याकडे खाते उघडून देतो तो शेजारचा मुलगा, भाचा किंवा 'वेबसाइटवाला'. तो आपल्याच मोबाइलवरून, आपल्याच ईमेलने सगळे उघडतो. पुढे त्याला नोकरी लागते, भांडण होते, किंवा तो दर वर्षी वाढीव पैसे मागतो. दुकान आपले, कष्ट आपले आणि किल्ली त्याच्याकडे! संकेतस्थळाचा पत्ता त्याच्या नावावर असेल तर कायद्यानेही आपली बाजू लंगडी पडते. काम कोणाकडूनही करून घ्यावे, पण नोंद मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर असावी. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून कुलपात ठेवावा.

हीच गोष्ट स्त्रियांच्या बाबतीत अधिक ठणकावून सांगितली पाहिजे. मसाले ती कांडते, पापड ती लाटते, साड्यांना फॉल ती लावते, पण खाते मुलाच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या नंबरवर! हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. ज्या बाईचा धंदा, तिच्याच नावाने खाते आणि तिच्याच हाती किल्ली असली पाहिजे.

आडनाव लपवायचे काय?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. शहरात भाड्याने खोली मिळावी, गिऱ्हाईक टिकावे म्हणून आपल्यातल्या अनेकांनी आडनावे बदलली. मोबाइलवरच्या दुकानात तर लपणे आणखी सोपे आहे. 'ओम', 'श्री' लावले की झाले! ज्या गावात बहिष्काराची टांगती तलवार आहे तेथे एखाद्याने केवळ वस्तूचे नाव पाटीवर लावले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार शहरात बसून लेख लिहिणाऱ्याला नाही. पण लपवलेली गोष्ट उघडी पडण्याची भीती माणसाला रोज खाते, हेही तितकेच खरे. शिवाय आपला प्रत्येक चांगला कारागीर, प्रत्येक सचोटीचा दुकानदार दुसऱ्याच्या नावामागे लपला, तर आपल्या नावाला पत कशी येणार? माल चोख ठेवावा, भाव उघड लिहावा आणि खरे नाव लावावे. त्यातून जे गिऱ्हाईक जाईल ते जावो.

१४ एप्रिलला दुकानाच्या खात्यावरून निळी शुभेच्छा द्यायला कचरू नये. दिवाळीला शुभेच्छा देणाऱ्या दुकानदाराला कोणी जाब विचारत नाही. मात्र गटातटाचे भांडण आणि नेत्यांवरची चिखलफेक यांना दुकानाच्या पाटीवर जागा नसावी.

त्या शुभेच्छेवरून कोणी येऊन एक तारा देऊन गेला, दुकानात पाऊलही न टाकता 'माल खराब' असे लिहून गेला, असे घडू शकते. अशा वेळी शिवीला शिवी देऊ नये. 'आपण कोणत्या दिवशी काय घेतले ते कळवा, चूक असल्यास भरून देऊ' असे एकदाच लिहावे आणि खोट्या शेऱ्याची रीतसर तक्रार करावी. पुढचे गिऱ्हाईक शेरा वाचते तसे उत्तरही वाचते. खऱ्या गिऱ्हाइकांना चार ओळी लिहायची विनंती जरूर करावी, पण नातेवाइकांकडून खोटे तारे लावून घेऊ नयेत. पंचशीलातले चौथे शील दुकानालाही लागू आहे.

ठगांपासून सावध

मोठी ऑर्डर देतो, लष्करात अधिकारी आहे, पैसे पाठवण्यासाठी हा चौकोन स्कॅन करा, असे सांगणारे फोन छोट्या दुकानदारांना हमखास येतात. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, एवढे एक वाक्य गल्ल्यावर लिहून चिकटवावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. हा आकडा आपल्याला विसरता येणार नाही. त्याच वर्षी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि 'जनता' पत्रही निघाले.

जेथे जात सांगणे हा हक्क आहे

एक दार असे आहे की जेथे आपली सामाजिक नोंद अभिमानाने करावी. केंद्र सरकारच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हायला हवी. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहिले आणि अधिकारी म्हणतात, विक्रेतेच सापडत नाहीत! या बहाण्याला उत्तर म्हणजे यादीत आपले नाव. जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. ती झाल्यावर २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर फर्निचर, गणवेश, छपाई, साफसफाईचे साहित्य असा आपला माल मांडता येतो. तेथेही फोटो, किंमत आणि वेळेवर उत्तर लागतेच. नावे यादीत असूनही खरेदी झाली नाही, तर मग मोर्चा काढायला आपण मोकळे आहोत, आणि तेव्हा हातात पुरावाही असेल.

समाजाचेही एक कर्तव्य

समाजबांधवांनो, शेवटी दोन शब्द गिऱ्हाइकांसाठी. आपल्या माणसाच्या दुकानात गेलो की आपण उधारी मागतो, 'आपलाच आहेस' म्हणून भाव पाडतो आणि तोच माल मॉलमध्ये छापील किमतीला निमूट घेतो. दुकानदारही कधी कधी 'समाज आपलाच आहे, चालवून घेईल' म्हणून कमी दर्जाचा माल देतो. दोन्ही खोडी मोडल्या पाहिजेत. शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलावर गेले ते सर्वांना दिसेल असे गेले. आपणही आपल्या दुकानदाराकडून माल घ्यावा, पूर्ण दाम द्यावा आणि चांगला वाटला तर चारचौघांत सांगावे, मोबाइलवर दोन ओळी लिहाव्यात. त्याला काहीही खर्च येत नाही.

आणि प्रत्येक बुद्ध विहारात महिन्यातला एक रविवार या कामासाठी ठेवता येईल. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी वस्तीतल्या दहा दुकानांची नोंद करून द्यावी, फोटो काढून द्यावेत आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पासवर्डची किल्ली मालकाच्या हातात ठेवून मगच उठावे. येत्या अशोक विजयादशमीपूर्वी आपल्या वस्तीतले एकही दुकान पाटीविना राहू नये, असा संकल्प करू या.

जयभीम!